सात विसा मासे

तलावाच्या चौकीदाराला काम तरी काय असतं, असं मला आयुष्यभर लोकांनी विचारलं. नवा नवा होतो तेव्हा मीही स्वतःला तेच विचारायचो. पाणी पळून जात नाही, मासे पळून जात नाहीत, बांध जागचा हलत नाही. मग माणूस कशाला? पण मोगलाईत सरकारी चीजेवर एक माणूस बसवायचा म्हणजे बसवायचा. लिंबागणेशच्या पुढं, डोंगराच्या पोटातल्या त्या तलावावर बसवलेला माणूस मी. एक खोली, एक चूल, उर्दूत लिहायचा रोजनामा आणि पाणी सोडायच्या मोरीची दांडी, एवढा माझा संसार. बायको लग्नाच्या दुसऱ्याच साली तापानं गेली होती. दिंद्रुडला आई होती, थोरला भाऊ होता. शेत भावाकडं, आई भावाकडं, नोकरी माझ्याकडं. झाली वाटणी!

गाव कोसभरावर होतं, पण गावचं माणूस तलावाकडं फिरकत नसे. पाण्यात साती आसरा आहेत, त्या माणूस ओढून नेतात, असं सगळ्यांच्या मनात पक्कं बसलेलं. बायका तर वाट वाकडी करून जायच्या. त्या पाण्याकाठी राहणारा म्हणून माझ्याशीही लोक जरा लांबूनच बोलायचे. वाण्याकडं मीठ-मिरची घ्यायला गेलो तरी तो माल ओट्यावर ठेवायचा आणि मी निघालो की मग पुढच्या माणसाशी बोलायला लागायचा. चार-चार दिवस माझ्या तोंडून शब्द निघत नसे. मग एकदम खोकला आला की माझ्याच आवाजानं मी दचकायचो. रोजनामा लिहून झाला की तो मोठ्यानं वाचून दाखवायचो. कुणाला? भिंतीला. ‘आज पाणी दोन बोटं उतरलं.’ भिंतीनं कधी हरकत घेतली नाही.

दसरा झाला की तहसिलीतून एक साहेब घोड्यावर यायचा. यंदा तलावातून किती पाट्या मासळी काढू द्यायची, हे त्याला कागदावर लिहून न्यायचं असे. साहेब बदलायचे, पण रीत तीच. बांधावर उभं राहायचं, डोळे बारीक करून पाण्याकडं बघायचं आणि मला विचारायचं, “कितनी मछली होगी?”

“साहेब, पाण्याखाली आहे. दिसत नाही.”

“अंदाज़न?”

मी पाण्याकडं बोट दाखवायचो. मग साहेब निम्मा बांध चालायचे, घाम पुसायचे, गेल्या सालचा आकडा काढायला लावायचे आणि त्यात थोडी भर घालून सही ठोकायचे. मला असा राग यायचा! अरे, तू बघितलंस काय नि लिहिलंस काय? पण राग गिळून मी त्यांच्या घोड्याला पाणी दाखवायचो. शिवाय तो आकडा कुणी पाळत नसे. त्या तलावातून किती मासळी काढायची, हे ठरवणारं माणूस वेगळं होतं. ती एक म्हातारी होती, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि ती दिवाळी झाल्यावर यायची.

गोदाकाठचे भोई दर साली आमच्या तलावावर मुक्कामाला यायचे. नऊ माणसं, दोन बैल, जाळ्यांची ओझी. म्हातारीचा नवरा कधीच गेलेला. जाळी तिच्या मुलाच्या हाती होती आणि मोजणी तिच्या. मी तिला मावशी म्हणायचो. ती मला कधी चौकीदारा म्हणायची, कधी बाबा, आणि चिडली की नुसतंच “अरं ए!”

“पयल्या दिवसाचे मासे आपले न्हाईत, आसरांचे हायत,” हे तिचं पहिलं वाक्य. सात आसरा, एकेकीचे वीस, म्हणून सात विसा मासे. पहिल्या दिवशी ओढजाळ्यात आलेले मोठे मासे काठाशी खणलेल्या डबक्यात ठेवायचे. मग खूण करणाऱ्यानं अंघोळ करून ओलेत्यानं बसायचं, एकेक मासा ओल्या गोणपाटावर घ्यायचा, पोटाखालचा डावा पर म्हातारीच्या अडकित्त्यानं नखभर कातरायचा आणि मासा तलावात सोडायचा. पर पुन्हा फुटतो, माशाला काही होत नाही, पण तो हंगाम संपेपर्यंत खूण राहते. वीस झाले की हाळी द्यायची. म्हातारी हळद लावलेला एक खडा गाडग्यात टाकायची. सात खडे पडले की झालं.

याला दोन अटी होत्या. खूण करणाऱ्याचा हात कधी जाळ्याला लागलेला नसावा, ही एक. आणि तो खूण करत असताना सगळ्या भोयांनी त्याच्याकडं पाठ करून उभं राहायचं, ही दुसरी.

“जाळं वढणाऱ्याच्या मनात लोभ असतोय बाबा,” तिनं मला पहिल्या साली सांगितलं. “त्याची नजर बी नको त्यावर. तुला मासळीचा कसला आलाय लोभ? तू कर.” माझ्या आधीचा चौकीदार करायचा, तो गेला, मग मी.

दुसऱ्या दिवसापासून खरी मासेमारी. जाळं काठाला लागलं की म्हातारी गुडघाभर पाण्यात बसायची आणि एकेक मासा उलटा करून त्याचा पर बघायची. खुणेचा निघाला की तो परत पाण्यात. बिनखुणेचा पाटीत. आणि ज्या दिवशी विसाला एक खुणेचा निघाला, त्या दिवशी जाळी वर. मग साहेबाच्या कागदावर अजून शंभर पाट्या शिल्लक असोत, पाण्यात जाळं पडायचं नाही. उरलेली मासळी तलावाची, पुढच्या सालाची.

सुरुवातीला मला ही सगळी देवभोळी भानगड वाटली. एके दिवशी ज्वारी निवडताना डोक्यात उजेड पडला. सुपातल्या ज्वारीत थोडे गहू मिसळले आणि नुसती ज्वारीच काढत गेलं, तर सुपात गहू जास्त जास्त दिसायला लागतात. गहू वाढत नाहीत, ज्वारी कमी होते. खुणेचे मासे म्हणजे ते गहू. विसाला एक दिसला म्हणजे तलावात एवढीच मासळी उरली, आता हात आवरा. म्हणजे तहसिलीतल्या एकाही साहेबाला जे सांगता आलं नव्हतं ते ही बाई पाण्यात बसून सांगत होती! मी धावत जाऊन तिला माझा शोध सांगितला. ती तंबाखू मळत म्हणाली, “मग? तुला काय वाटलं, आसरा येऊन कानात सांगत्यात?”

अशी होती ती. तिच्यापुढं शहाणपणा चालत नसे. ते लोक असले की बांधावर चार चुली पेटायच्या. मुलगा माझ्या उर्दूची टिंगल करायचा, “चौकीदार, जरा माशाला तुमच्या सरकारी भाषेत सांगा की, जाळ्यात ये मनावं.” सून भाकरी थापता थापता भांडायची, हसायची. मला रोज कुणाच्या तरी चुलीवरून हाक यायची. आयुष्यातलं सगळं बोलणं मी त्या दीड-दोन महिन्यांत उरकून घ्यायचो. आणि मग एके दिवशी म्हातारी विसाला एक मोजायची, उठायची, कमरेवर हात ठेवून म्हणायची, “झालं रं.” दुपारपर्यंत बैल लादलेले असायचे.

ते गेल्यावरचा पहिला स्वयंपाक मला खायला उठायचा. एका भाकरीचं पीठ मळायचं, एक भाकरी थापायची आणि चार चुलींच्या राखेकडं बघत ती खायची. राख मी आठ-आठ दिवस झाडत नसे.

पाचव्या सालातली गोष्ट. श्रावणात माझी आई गेली. भावानं निरोप धाडला होता, तो गावात येऊन पडला. पण पावसापाण्यात, श्रावणात, आसरांच्या काठी जाऊन तो सांगणार कोण? मीच मिठाला गेलो तेव्हा वाण्यानं ओट्यावर पुडी ठेवत सांगितलं. तोवर तिचा दहावाही होऊन गेला होता. मी दिंद्रुडला गेलो, भावाच्या ओसरीवर एक दिवस बसलो आणि परत आलो. आता तिकडंही जायला कारण उरलं नाही. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी फक्त वाट बघितली. दुसरं काही केलं असेल तर मला आठवत नाही.

भोई आले. म्हातारीला वाटेतच कुणीतरी आईचं सांगितलं होतं. ओझं उतरवायच्या आधी ती माझ्या खोलीत आली, माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली. “आई गेली म्हनं,” म्हणाली.  त्या दिवशी तिनं मला चूल पेटवू दिली नाही. स्वतःच्या हातानं ताट आणलं आणि मी जेवून होईपर्यंत समोरून हलली नाही.

अशा बाईला मी फसवलं. ते कसं फसवलं, तेच सांगायला हे लिहायला बसलोय.

दुसऱ्या दिवशी डबकं भरलं. मी अंघोळ करून ओलेत्यानं बसलो. सगळे भोई पाठ करून उभे राहिले, म्हातारी गाडगं मांडीवर घेऊन तोंड फिरवून बसली. मी मासा घेतला, पर कातरला, सोडला. दुसरा. तिसरा. प्रत्येक मासा सोडताना माझ्या मनात येत होतं, हा मासा ज्या दिवशी परत वर येईल त्या दिवशी ही माणसं जायला एक पाऊल जवळ येतील. आपणच आपल्या हातानं त्यांना वाटेला लावतोय. जेवढे जास्त मासे, तेवढं लवकर जाणं. अडकित्ता माझ्या हातात होता. नऊ पाठी माझ्याकडं वळलेल्या. दहा मासे झाले आणि अकराव्याला हात डबक्याकडं गेलाच नाही. म्हातारीच्या कानावर पाण्याचा आवाज पडायला हवा होता. मी रिकाम्या हातानं तलावाच्या पाण्यावर थाप मारली. थोडं थांबून पुन्हा मारली. अशा दहा थापा मारल्या आणि हाळी दिली, “वीस!”

गाडग्यात खडा पडला.

सातही विसांना मी तेच केलं. दहा मासे, दहा थापा. उरलेले सत्तर बिनखुणेचे मासे डबक्यात पाणी यायला खणलेल्या चरातून हळूच तलावात लोटले. कुणी वळून बघितलं नाही. ज्याला मासळीचा लोभ नाही त्याच्याकडं पाठ करून उभं राहायचं, अशीच त्यांची रीत होती. माणसांचा लोभ असलेला कुणी तिथं बसेल, हे त्यांच्या वाडवडिलांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मनात एवढंच, चार दिवस जास्त राहतील. तलाव केवढा, मासळी केवढी, काय बिघडतंय! सुपातल्या गव्हाचं गणित मला पुरतं येत होतं. गहू निम्मे टाकले तर ते नेहमीइतके दिसेपर्यंत ज्वारीही निम्मीच उरणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण ते गणित मी मुद्दाम केलं नाही.

पौष गेला तरी विसाला एक होईना. संक्रांतीला ते लोक अजून तलावावरच, असं कधी झालं नव्हतं. सुनेनं तिळाचे लाडू केले, त्यातले दोन मला. मुलानं माझ्या खोलीचं गळकं छप्पर शाकारून दिलं. “एवढे दिवस आमी राहायचं तर तुमच्यापाशी बसायला धड जागा नको का?” म्हणाला. असा हिवाळा मला पुन्हा मिळाला नाही. मी सुखात होतो, खोटं कशाला बोलू!

माघात पाट्या हलक्या व्हायला लागल्या. मासे हातभराचे यायचे ते वीतभराचे यायला लागले. मुलगा एक दिवस जाळं काठावर टाकून म्हणाला, “आई, पुरं आता. मला ह्ये बरं दिसत न्हाई.”

म्हातारी पाण्यातच बसली होती. तिनं पुन्हा सगळे मासे उलटे करून बघितले. “चाळीसाला एक हाय,” ती म्हणाली. “आसरा देत्यात तर आपण कावून न्हाई म्हनायचं? आपण आपल्या मनानं थांबलो तर त्यो बी लोभच. खूण सांगंल तवा थांबायचं.”

मी दहा पावलांवर उभा होतो.  दोन शब्द बोलायचे होते, नुसते दोन, की मावशी, निम्मे होते. नाही बोललो. जाळी पुन्हा पाण्यात पडली.

शिमग्याच्या तोंडावर विसाला एक झाला. म्हातारी उठली, “झालं रं,” म्हणाली, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाली, “यंदा लई दिलं बाबा आसरांनी.” मी खाली मान घालून उभा राहिलो. तिला वाटलं, मला त्यांच्या जाण्याचं वाईट वाटतंय. तेही खरंच होतं.

पुढच्या साली पाऊस पोटभर झाला, तलाव सांडव्यावरून वाहिला. साहेब येऊन आकडा वाढवून गेले. दिवाळीनंतर भोई आले आणि पहिल्या दिवशी ओढजाळं काठाला लागलं तेव्हा त्यात बोटाएवढी पिल्लं वळवळत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. आसरांचे सात विसा पुरे करायलाही मोठे मासे मिळाले नाहीत. तिसऱ्या दिवशी दोन्ही टोकांना जाळी टाकून बघितली. मुलानं जाळं खांद्यावरून खाली आपटलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “आई, तुला दिसत न्हाई आता. गेल्या साली खुणेचे मासे येत व्हते, तुला दिसले न्हाईत. तलाव खरडून काढला आपण.”

 म्हातारीनं एक पिल्लू ओंजळीत घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. “असंल बाबा,” म्हणाली. “डोळ्यांनी दगा दिला असंल.” कमरेच्या पिशवीतून तिनं अडकित्ता काढला आणि सुनेच्या हातात दिला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “तुझं काय चुकलं न्हाई रं. तू केलंस तुझं काम.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. त्या वेळी, तिथंच, सगळ्यांसमोर. आजवर मी शंभर वेळा मनात बोललोय. पण त्या दिवशी मी घशातून एवढंच काढलं की, “चहा टाकू का?” ते चौथ्या दिवशी गेले. चुलींना राख अशी झालीच नव्हती.

पुढच्या दिवाळीला कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. साहेब विचारायचे, “कितनी मछली होगी?” मी सांगायचो, नाही. ते हसायचे आणि आकडा लिहायचे. रोजनामा भिंतीला वाचून दाखवणंही मी बंद केलं. स्वतःचा आवाज ऐकावासा वाटत नव्हता.

पण गप्प तरी किती बसणार माणूस! मी गळ टाकायला शिकलो. दिवसाला चार-पाच मासे लागायचे. वीतभराच्या वरचा असला की ओल्या गोणपाटावर घ्यायचा, डावा पर कातरायचा, सोडायचा. माझ्याकडं अडकित्ता नव्हता, कात्री होती. मोठ्यानं मोजायचो आणि दर विसाला एक खडा गाडग्यात. सात विसा पुरे करायला मला महिन्याच्या वर लागला. या खेपेला एकही थाप मारली नाही. मग पुन्हा गळ टाकून बसायचो, लागेल तो मासा उलटा करून बघायचो आणि सोडून द्यायचो. पहिल्या साली बाराला-पंधराला एक खुणेचा यायचा. मासळी किती थोडी उरली होती, ते माझं मलाच कळलं. दुसऱ्या साली पुन्हा सात विसा केले. त्या साली साठ मासे काढले तेव्हा कुठं एक खुणेचा निघाला. तलाव भरत आला होता.

हे सांगायला हवं होतं. त्याबरोबर ते दुसरंही सांगायला लागणार, हे मला ठाऊक होतं. चैत्रात मी तहसिलीतून रजा काढली आणि गोदाकाठी गेलो. दिंद्रुडवरूनच वाट होती. भावाकडं थांबलो नाही.

म्हातारी दारात बसून जाळं सांधत होती. खूप वाळली होती. नदीवर आता तिला कुणी नेत नव्हतं, मासे बघायला तर नाहीच. मला बघून तिचं तोंड उजळलं. “आला का रं चौकीदारा! पाणी दे गं ह्याला.”

मी पाण्याला हात लावला नाही. म्हणालो, “मावशी, तुमचे डोळे चुकले नव्हते. त्या साली सात विसा नव्हतेच. मी निम्मे केले होते.”

तिच्या हातातली सुई थांबली. “निम्मे?”

“सत्तर.”

“आन् पाण्याचा आवाज?”

“हात आपटत होतो.”

मला वाटलं आता शिव्या देईल. जाळं फेकून मारेल. तिनं मान वळवून आत हाक मारली, “ए पोरी! ऐकलं का गं? माझे डोळे बराबर व्हते! चाळीसाला एक म्हनाले तवा चाळीसालाच एक व्हता! सांग तुझ्या नवऱ्याला!” ती हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. सून पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता आत गेली.

मग म्हातारी माझ्याकडं वळली. “कावून रं केलंस?”

“तुम्ही जाऊ नये म्हणून.”

ती माझ्याकडं बघतच राहिली. “येडा का खुळा तू?” म्हणाली. “थांबा म्हनला असतास तर थांबलो असतो की. जाळी वर करून. आठ रोज, पंधरा रोज. एवढ्या लांबून येतो, चार दिवसांनी गेलो असतो तर काय व्हणार व्हतं? तू कदी म्हनलाच न्हाईस. आमाला वाटायचं, सरकारी मानूस, ह्याला आमची गर्दी नको झाली असंल.”

मला हे सुचलंच नव्हतं. शपथेवर सांगतो, एकदाही सुचलं नव्हतं. माणूस कामापुरतं येतं आणि काम संपलं की जातं, एवढंच मला माहीत होतं. मी आयुष्यात कधी कुणाला थांबा म्हटलं नव्हतं. तिच्या दारात बसून मी रडलो आणि ती जाळं सांधत राहिली. मध्येच म्हणाली, “तलाव कसा हाय?” मी सगळं सांगितलं, गळाचं, कात्रीचं, साठाला एकाचं. तिनं लक्ष देऊन ऐकलं. “बरं मोजलंस,” म्हणाली.

त्या दिवाळीला भोई आले. सहाच माणसं होती. म्हातारी पावसाळ्यात गेली, असं त्यांच्यातल्या एकानं मला सांगितलं. मुलगा माझ्याशी बोलला नाही. खूण करायला त्यानं लिंबागणेशच्या देवळातला गुरव आणला होता. त्याच्या हातात म्हातारीचा अडकित्ता होता. भोई पाठ करून उभे राहिले तेव्हा बांधावर मीही पाठ करून उभा राहिलो. मला कुणी सांगितलं नव्हतं. माशांचे आवाज मी मोजले, सात विसा पुरे भरले.

मासळी चांगली निघाली. चुली पेटायच्या, हसणं ऐकू यायचं, मला हाक येत नव्हती. मुलगाच आता गुडघाभर पाण्यात बसून पर बघायचा. दीड महिन्यानं एका दुपारी तो उठला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, “झालं रं.” त्यांनी बैल लादायला घेतले.

मी खोलीतून बाहेर आलो. बांध उतरून त्याच्यापाशी गेलो.  म्हणालो, “थांबा की दोन दिवस.”

तो दोरीची गाठ मारत होता. गाठ पुरी केली, मग माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं नाही.

“आई असती तर थांबलो असतो,” तो म्हणाला.

बैल उतरणीला लागले. ते दिसेनासे होईपर्यंत मी तिथंच उभा होतो. मग खोलीत येऊन एका भाकरीचं पीठ मळलं.